लिंकचा दिवा लागतो, पिंगही होतं, पण डेटा बाहेर जात नाही: नेटवर्क कार्डची पाठवणारी बाजू कशी तपासायची

लक्षणं अशी. कार्डावरचा हिरवा दिवा लागलेला असतो. पिंगला (समोरचं मशीन उत्तर देतं का हे विचारणाऱ्या छोट्या कमांडला) उत्तर येतं. सर्व्हरवरची फाइल या मशीनवर झटकन उतरते. तीच फाइल उलट सर्व्हरवर चढवायला घेतली की पाच-दहा सेकंदांत अडते. कधी वेग घसरतो, कधी कनेक्शन तुटून पुन्हा जुळतं, आणि तासाभराने सगळं आपोआप सुरळीत. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात वळवाच्या दिवसांत असा बिघाड जास्त पाहायला मिळतो. शेडमधून ऑफिसपर्यंत उघड्यावरून ओढलेली तांब्याची केबल, कडाडणाऱ्या विजा, दिवसातून चार वेळा करंट जाणं-येणं आणि उन्हाने कोरडा पडलेला अर्थिंगचा खड्डा, हे सगळं एकाच वेळी जुळून येतं. त्यामुळे पहिला संशय कार्डावर जातो आणि कार्ड बदललं जातं. पण दोष केबलच्या क्रिंपिंगमध्ये (टोकाला जॅक दाबून बसवण्यात) किंवा स्विचच्या सेटिंगमध्ये असेल तर नवं कार्डही त्याच वाटेने जातं. म्हणून आधी मोजा, मग पैसे घाला.

पिंग का पुरत नाही

पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) बाहेर कसं जातं ते डोळ्यांसमोर आणा. ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) मेमरीतल्या पॅकेटचा पत्ता ट्रान्समिट रिंगच्या (पाठवायच्या पॅकेटांच्या गोल यादीच्या) एका खणात लिहितो. रिंगमध्ये असे खण साधारण २५६ ते १०२४ असतात. मग तो कार्डाला खूण करतो. कार्ड स्वतः मेमरीतून पॅकेट उचलतं, तारेवर सोडतं आणि त्या खणावर ‘झालं’ अशी नोंद करतं. त्यानंतरच ड्रायव्हर तो खण पुन्हा वापरतो. पिंग सेकंदाला एकच पॅकेट पाठवतं, म्हणजे एका वेळी जेमतेम एक खण भरतो. रिंग भरलेली असताना कार्ड अडकतं का, तापल्यावर चुकतं का, हे पिंगला कधीच कळत नाही.

फाइल कॉपी करून पाहणं ही दुसरी सवय. त्यात डिस्क, समोरचं मशीन आणि टीसीपी (डेटा पोहोचला का याची खात्री करणारी पद्धत) सगळं मिसळतं. शिवाय हरवलेलं पॅकेट टीसीपी गुपचूप पुन्हा पाठवतं. तुम्हाला दिसतो फक्त कमी झालेला वेग, हरवलेली पॅकेटं दिसत नाहीत.

यासाठी लिनक्स कर्नलमध्येच (सिस्टमच्या गाभ्यातच) एक पॅकेट तयार करणारं मॉड्यूल आहे, पीकेटीजेन. ते पॅकेट थेट ड्रायव्हरच्या हातात देतं, मध्ये टीसीपी नाही, रांग नाही, डिस्क नाही. मशीनवर विंडोज असेल तरी हरकत नाही. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू किंवा डेबियन चालू करा आणि तपासा. त्याचा एक वेगळा फायदाही आहे: लिनक्समध्ये कार्ड चोख चाललं आणि विंडोजमध्येच अडत असेल, तर दोष हार्डवेअरचा नाही. विंडोजचा ड्रायव्हर किंवा वीज वाचवण्याची सेटिंग बघा.

मांडणी

चालू ऑफिसच्या स्विचवर ही चाचणी करू नका. कारण साधं आहे. बहुतेक स्विच कुठलं मॅक (कार्डाचा स्वतःचा पत्ता) कुठल्या पोर्टवर आहे ही नोंद ३०० सेकंद ठेवतात. घेणारं मशीन गप्प बसलं तर पाच मिनिटांनी स्विच ते विसरतो आणि तुमची सगळी पॅकेटं सगळ्या पोर्टवर उधळतो. बिलिंग, सीसीटीव्ही, हजेरीचं यंत्र, सगळं एकदम आडवं होतं.

त्यामुळे दोन मशीन आणि मध्ये एकच केबल, सरळ. घेणाऱ्या बाजूचं कार्ड चांगलं आहे अशी खात्री असलेलंच हवं. दोन्हीकडे हाताने आयपी द्या, उदाहरणार्थ पाठवणाऱ्याला १९२.१६८.५०.१ आणि घेणाऱ्याला १९२.१६८.५०.२. चाचणी दोनदा करायची आहे: एकदा दुकानातून आणलेल्या, साच्यात ओतलेल्या टोकांच्या एक-दोन मीटरच्या केबलने, आणि एकदा जिच्यावर काम चालतं त्या खऱ्या केबलने.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी बघून लिहून ठेवा. ‘डीएमईएसजी’ (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) मध्ये ‘नेटडेव्ह वॉचडॉग’ किंवा ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ अशी ओळ आहे का. इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरवर ‘डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग’ अशी ओळ असते. ‘ईथटूल ईथ०’ (कार्डाची माहिती दाखवणारी कमांड) ने वेग आणि डुप्लेक्स (पाठवणं-घेणं एकाच वेळी, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) काय ठरलाय ते. आणि ‘ईथटूल -एस ईथ०’ (एस मोठा) चे सगळे आकडे, दोन्ही मशीनवर, कारण पुढचा सगळा हिशोब फरकावर चालतो. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत. ईथ० च्या जागी तुमच्या कार्डाचं नाव.)

पीकेटीजेन चालवणं

आधी ‘सुडो -आय’ करून रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) व्हा. नुसतं ‘सुडो एको’ (एको म्हणजे दिलेला मजकूर लिहिणारी कमांड) करून फाइलकडे बाण (>) दाखवला तर ‘परमिशन डिनाइड’ येतं, कारण बाणाचं काम तुमचा साधा शेल करतो, सुडो नाही. नवखी माणसं इथेच अडतात.

‘मॉडप्रोब पीकेटीजेन’ केलं की ‘/प्रॉक/नेट/पीकेटीजेन’ ही डिरेक्टरी उघडते. आत पीजीसीटीआरएल नावाची फाइल आणि प्रत्येक सीपीयू कोरसाठी केपीकेटीजेनडी_०, केपीकेटीजेनडी_१ अशा फाइली असतात. एकच कोर वापरा. केपीकेटीजेनडी_० मध्ये आधी ‘रेम_डिव्हाइस_ऑल’ आणि मग ‘ॲड_डिव्हाइस ईथ०’ लिहिलं की ईथ० नावाची नवी फाइल तयार होते. कार्डाच्या सगळ्या सेटिंग तिथे:

काउंट १००००००
पीकेटी_साइझ ६०
क्लोन_एसकेबी ०
डिले २००००
डीएसटी १९२.१६८.५०.२
डीएसटी_मॅक आणि पुढे घेणाऱ्या कार्डाचा मॅक पत्ता

एका एकोमध्ये एकच सेटिंग. दोन एकत्र लिहिल्या तर दुसरी लागत नाही. प्रत्येक वेळी फाइल कॅट करून (म्हणजे उघडून) तळाची ‘रिझल्ट’ ओळ वाचा, तिथे ‘ओके’ आलं तरच सेटिंग बसली. मॅक न दिल्यास पॅकेट सगळ्या शून्यांच्या पत्त्यावर जातं, मग समोरचं कार्ड ते उचलत नाही आणि तुम्ही उगाच केबलला दोष देता.

आकार ६० का, ६४ का नाही? इथरनेटची सगळ्यांत लहान फ्रेम ६४ बाइटची. त्यातले शेवटचे ४ बाइट म्हणजे सीआरसी (फ्रेम वाटेत बिघडली का ते ओळखायची खूण), ते कार्ड स्वतः जोडतं. डिले नॅनोसेकंदात असतो. २०००० म्हणजे सेकंदाला ५०,००० पॅकेटं, दहा लाखांना २० सेकंद. पहिली फेरी मुद्दाम संथ ठेवा. घेणाऱ्या मशीनची दमछाक होऊन पॅकेटं गळली तर पाठवणाऱ्याचा दोष आणि घेणाऱ्याचा दोष यांची सरमिसळ होते.

शेवटी पीजीसीटीआरएल मध्ये ‘स्टार्ट’ लिहा. सगळी पॅकेटं जाईपर्यंत ती कमांड परत येत नाही, हे बरोबर आहे. तो कोर १०० टक्के व्यस्त दिसतो, तेही बरोबर. दुसऱ्या टर्मिनलमध्ये ईथ० ची फाइल पुन्हा पुन्हा कॅट केली की ‘पीकेटीएस-सोफार’ चढताना दिसतं. एक लक्षात ठेवा: याच मशीनवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) लावलं तर यातलं एकही पॅकेट दिसणार नाही. पीकेटीजेन थेट ड्रायव्हरला हाक मारतं आणि टीसीपीडंपचा पहारा त्याच्या अलीकडे असतो. टीसीपीडंप लावायचंच तर घेणाऱ्या मशीनवर. पॅकेटं यूडीपीची (पोच न मागणारी), पोर्ट ९ ची असतात.

चार आकड्यांचा जमाखर्च

या सगळ्या चाचणीचा जीव इथे आहे. दहा लाख पॅकेटं सोडली. आता चार ठिकाणचे आकडे शेजारी-शेजारी लिहा: पीकेटीजेनचं सोफार, पाठवणाऱ्या कार्डाचा टीएक्स (पाठवलेली) पॅकेट्स, घेणाऱ्या कार्डाचा आरएक्स (घेतलेली) पॅकेट्स, आणि घेणाऱ्याचे सीआरसी एरर. शेवटच्या तिन्हींतून चाचणीआधी लिहिलेले आकडे वजा करून. एआरपीसारखी (पत्ता विचारणारी) पाच-दहा किरकोळ पॅकेटं मध्ये येतात, तेवढा फरक सोडून द्या.

समजा सोफार १०,००,०००, पाठवणारं कार्ड १०,००,००४, घेणारं ९,९९,२१६ आणि सीआरसी ७८८. पाठवणाऱ्या कार्डाच्या हिशोबाने सगळी पॅकेटं तारेवर गेली. ७८८ वाटेत फाटली. हा दोष केबल, जॅक किंवा दोन्हीपैकी एका कार्डाच्या फिजिकल (तारेवर सिग्नल सोडणाऱ्या-घेणाऱ्या) भागाचा. लहान केबल लावून तीच फेरी पुन्हा करा. सीआरसी शून्यावर आला तर कार्ड निर्दोष आहे, ते बदलू नका.

सोफार पूर्ण आणि कार्डाचा टीएक्स कमी असेल, तर ड्रायव्हरने पॅकेट घेतलं पण कार्डाने पाठवलं नाही. इथे खरंच कार्ड, स्लॉट किंवा ड्रायव्हर संशयित. कार्ड काढून सोनेरी पट्टी कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा, दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा आणि फेरी पुन्हा घ्या. उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीत हवेतली बारीक लोखंडी धूळ आणि कूलंटची वाफ स्लॉटमध्ये बसते, तेव्हा स्लॉटही साफ करायचा.

पाठवणाऱ्याचे दोन्ही आकडे पूर्ण, घेणाऱ्याचा कमी, पण सीआरसी शून्य. मग घेणाऱ्याच्या ‘मिस्ड’, ‘ड्रॉप्ड’ किंवा ‘नो बफर’ अशा नावाच्या ओळीत वाढ शोधा, प्रत्येक ड्रायव्हरमध्ये हे नाव वेगळं असतं. वाढ तिथे असेल तर घेणारं मशीन कमी पडतंय. डिले वाढवा.

आणि सोफार मध्येच थांबलं, पाचेक सेकंदांत डीएमईएसजीमध्ये वॉचडॉग बोलला, तर रिंग अडकली आहे. याचाच एक फसवा भाऊ आहे: सोफार पूर्ण होतं, पण स्टार्टची कमांड परतच येत नाही. पीकेटीजेन शेवटचं पॅकेट कार्डाने मोकळं करण्याची वाट बघत असतं आणि कार्ड ‘झालं’ अशी नोंद करतच नाही. कंट्रोल-सी करून बाहेर या. दोष त्याच जागी आहे, रिंगच्या शेवटच्या टप्प्यात.

पूर्ण वेगाची फेरी

संथ फेरी स्वच्छ निघाली तर डिले ० करा, काउंट एक कोटी, आणि क्लोन_एसकेबी १०००, म्हणजे तेच पॅकेट हजार वेळा वापरलं जाईल आणि सीपीयूचं ओझं कमी होईल. ज्या ड्रायव्हरला हे चालत नाही तिथे ती सेटिंग लागत नाही, मग ० वरच ठेवा.

गिगाबिटवर लहान पॅकेटांची कमाल मर्यादा सेकंदाला १४,८८,०९५. हिशोब असा: ६४ बाइटची फ्रेम, तिच्या आधी ८ बाइटची सुरुवातीची खूण, नंतर १२ बाइट एवढी मोकळी जागा, मिळून ८४ बाइट म्हणजे ६७२ बिट. १०० मेगाबिटवर हाच आकडा १,४८,८०९. पीकेटीजेन वेग सांगताना फक्त ६० बाइटच धरतं, म्हणून गिगाबिट तार काठोकाठ भरलेली असताना ते ७१४ एमबी/सेकंद दाखवतं (हे मेगाबिट आहेत). हजारच्या जागी ७१४ बघून कार्ड मंद आहे असं ठरवू नका.

साध्या डेस्कटॉप बोर्डावरचं कार्ड लहान पॅकेटांत १४.८८ लाखांना बऱ्याचदा पोहोचत नाही. तो बिघाड नाही, प्रत्येक पॅकेटमागे लागणारा खर्च आहे. जुन्या पीसीआय स्लॉटची सैद्धांतिक मर्यादाच सेकंदाला १३३ मेगाबाइट आणि ती सगळ्या कार्डांत वाटलेली. यूएसबी २ ला जोडलेला गिगाबिट डोंगल ४८० मेगाबिटच्या वर जाऊच शकत नाही. कार्डाची पारख मोठ्या पॅकेटवर करा: पीकेटी_साइझ १५१४. तिथे गिगाबिटची मर्यादा सेकंदाला ८१,२७४ पॅकेटं आणि पीकेटीजेन ९८४ च्या आसपास दाखवतं. चांगलं कार्ड इथे सहज पोहोचतं.

मग काउंट ० ठेवा, म्हणजे थांबवेपर्यंत चालेल, आणि १५१४ वर अर्धा तास चालू द्या. तापल्यावरच चुकणारं कार्ड पहिल्या मिनिटात सापडत नाही. दर पाच मिनिटांनी सीआरसी आणि टीएक्स एरर लिहीत जा. मेमध्ये दुपारी, पंखा बंद असलेल्या खोलीत ही फेरी जास्त खरं बोलते.

आकार बदलत गेल्यावरही काही कळतं. ६०, ५१२, १५१४ अशा फेऱ्यांत सीआरसी पॅकेटच्या लांबीबरोबर वाढत गेला तर तारेवर अधूनमधून बिट उलटतायत, म्हणजे केबल. लांब पॅकेटमध्ये बिट जास्त, म्हणून मार लागण्याची शक्यताही जास्त.

वेग कमी, पण चूक एकही नाही

इथे दोन कारणं तपासा. पहिलं कारण पॉज फ्रेम. घेणारं मशीन भरलं की ते ‘थांब’ अशी फ्रेम पाठवतं आणि पाठवणारं कार्ड आज्ञाधारकपणे थांबतं. पाठवणारी बाजू खराब दिसते, प्रत्यक्षात तिला समोरच्याने रोखलेलं असतं. ‘ईथटूल -ए’ ने फ्लो कंट्रोल बघा. मोठ्या ए ने ते बंद करता येतं: ‘ऑटोनेग ऑफ आरएक्स ऑफ टीएक्स ऑफ’. फेरी पुन्हा घ्या.

दुसरं, डुप्लेक्सचा मेळ नसणं. सीएनसीच्या (संगणकाने चालणाऱ्या कारखान्यातल्या यंत्राच्या) जुन्या कंट्रोलवर इथरनेट पोर्ट १०० मेगाबिट फुल असा हाताने बसवलेला असतो आणि स्विच ऑटोवर. समोरून वाटाघाटीचा इशारा न आल्याने स्विच वेग ओळखतो, पण डुप्लेक्स हाफ धरतो. आता हाफ बाजूला लेट कोलिजन (उशिरा होणारी टक्कर), फुल बाजूला सीआरसी. इथे पीकेटीजेनची एक मर्यादा आहे: एका बाजूने पॅकेटं सोडली आणि समोरचं गप्प असेल तर टक्कर होतच नाही, चाचणी स्वच्छ निघते. दोन्ही मशीनवरून एकाच वेळी सोडा, मग बिंग फुटतं. उपाय, दोन्हीकडे ऑटो किंवा दोन्हीकडे हाताने तीच सेटिंग. गिगाबिटला मात्र ऑटो लागतोच.

पीकेटीजेन पास, तरी काम अडतंय

पीकेटीजेन लहान-मोठी तयार पॅकेटं देतं. टीसीपीचा ६४ केबीपर्यंतचा तुकडा कार्डानेच कापून पॅकेटं करायची, या टीएसओ नावाच्या कामाला ते हातच लावत नाही. म्हणून सगळ्या फेऱ्या स्वच्छ, पण आयपर्फ३ (वेग मोजणारा प्रोग्रॅम) चं टीसीपी अडखळतंय, असं झालं तर पहिलं ‘ईथटूल -के ईथ० टीएसओ ऑफ जीएसओ ऑफ’ करून बघा (के मोठा). इंटेलच्या बोर्डावरच्या कार्डांत युनिट हँगवर हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. सगळं ठीक असेल तर १५०० एमटीयूवर (पॅकेटच्या कमाल आकारावर) आयपर्फ३ गिगाबिटला ९४१ च्या आसपास दाखवतं. त्यानेही सुटलं नाही तर वीज वाचवणारी ईईई सुविधा बंद करा: ‘ईथटूल --सेट-ईईई ईथ० ईईई ऑफ’. तिसरा संशयित पीसीआय एक्सप्रेसचं एएसपीएम (स्लॉटची वीज वाचवणारी सुविधा), त्यासाठी कर्नल सुरू होतानाच्या ओळीत ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ लिहून बघा. एका वेळी एकच बदल, मध्ये फेरी.

केबल

दोष केबलवर आला तर आधी टोकं उघडून रंग बघा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी ३ आणि ६ वर फुटलेली आहे, आणि ती तशीच हवी. काही जण जोड्या शेजारी-शेजारी लावून दोन्ही टोकं सारखीच क्रिंप करतात. टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात, कारण टेस्टर फक्त तार पोहोचली का एवढंच बघतो. पण ३ आणि ६ वर आता वेगवेगळ्या पिळाच्या तारा येतात, एकीचा आवाज दुसरीत शिरतो आणि सीआरसी वाढतो. हा दोष पीकेटीजेन पकडतं, टेस्टर नाही.

१०० वर स्वच्छ आणि गिगाबिटवर चूक, किंवा लिंक आपोआप १०० वर उतरते, तर ४-५ आणि ७-८ या जोड्या बघा. १०० मेगाबिटला फक्त १, २, ३, ६ लागतात, गिगाबिटला आठही. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल क्रिंपपाशी तुटते, ती लांब पल्ल्याला वापरू नका. एकूण लांबी १०० मीटरच्या आत.

आणि विजेच्या कडकडाटानंतर लहान केबलवरही सीआरसी येत असेल, दुसरं चांगलं कार्ड लावल्यावर जात असेल, तर कार्डाचा फिजिकल भाग अर्धवट जळलाय. ते कार्ड बदला. पण दोन शेडमधली तांब्याची तार तशीच ठेवली तर पुढच्या वळवात नवं कार्डही जाईल. दोन इमारतींत फायबर टाका, आतमध्ये आधाराची लोखंडी तार नसलेली, आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा).

तपासणी संपल्यावर ‘आरएमएमओडी पीकेटीजेन’ करा. ईथटूलने केलेले बदल मशीन रीस्टार्ट केलं की जातात. करंट गेला-आला की जुनं दुखणं परत येतं, ते यामुळेच. ज्या सेटिंगने फरक पडला ती नेटवर्कमॅनेजरच्या कनेक्शनमध्ये किंवा बूटला चालणाऱ्या सिस्टमडी सर्व्हिसमध्ये लिहा, मशीन एकदा बंद-चालू करा आणि ‘ईथटूल -के’ (लहान के) ने ती खरंच टिकली का ते बघा.